रक्तातून किती उजेड आरपार जातो?



विहारात रक्त तपासणीचं शिबिर झालं की पुढचे आठ दिवस वस्तीतल्या बाया रिपोर्टचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. "सिस्टर, बघा बरं, नऊ लिहिलंय. नऊ म्हणजे चांगलं की वाईट?" मी कागद बघते, समजावून सांगते आणि त्या घरी जातात. मागच्या शिबिरानंतर मात्र दहावीतल्या एका मुलीनं वेगळाच प्रश्न विचारला. "ताई, हे नऊ आलं कुठून? त्यांनी रक्ताचं वजन केलं का?"

तिची आई तिला गप्प करायला निघाली होती. मी म्हटलं, थांबा, तिला विचारू द्या. पोरीनं विचारला तो प्रश्न आपण सगळ्यांनी विचारायला हवा. कागदावरच्या त्या एका आकड्यावर गोळ्या ठरतात, बाळंतपण कुठे करायचं ते ठरतं, रक्त चढवायचं की नाही ते ठरतं.

रक्ताचं वजन कोणी करत नाही. रक्ताच्या पातळ केलेल्या नमुन्यातून उजेड सोडतात आणि त्यातला किती आरपार गेला ते मोजतात. त्यावरून नऊ, दहा, बारा हा आकडा निघतो. ही युक्ती समजली तर रिपोर्ट कधी खरा मानायचा आणि कधी पुन्हा तपासायला सांगायचं, हेही समजतं.

घरी करून पाहा: कोऱ्या चहाचे तीन ग्लास

काचेचे एकसारखे तीन ग्लास घ्या. फिक्का कोरा चहा गाळून, गार करून तिन्हींत सारखा भरा. रात्री खोलीतला दिवा बंद करा. मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्याचा उजेड एका ग्लासातून पांढऱ्या भिंतीवर पाडा. उजेड थोडा कमी झालेला दिसेल. आता पहिल्या ग्लासामागे दुसरा ठेवा, मग तिसरा. उजेड मंद मंद होत जाईल.

यात एक नियम आहे. समजा, पहिल्या ग्लासातून निम्मा उजेड पुढे गेला. मग दुसरा ग्लास उरलेल्या निम्म्याचा निम्मा करतो, म्हणजे पाव राहतो. तिसऱ्यातून पावाचा निम्मा, म्हणजे आठवा भाग बाहेर पडतो. प्रत्येक ग्लास ठरलेला 'तेवढा' उजेड खात नाही. त्याच्यापर्यंत जो पोचला त्यातला ठरलेला वाटा खातो.

हेच दुसऱ्या तऱ्हेनं करता येतं. तीन ग्लासांऐवजी एकच ग्लास घ्या आणि त्यात चहा तिप्पट कडक करा. परिणाम तोच. उजेडाच्या वाटेत रंगाचे कण किती आले, एवढंच महत्त्वाचं. हा नियम एका माणसानं एका दिवसात शोधलेला नाही. फ्रान्समधल्या बूगेर यांनी १७२९ मध्ये, लँबर्ट यांनी १७६० मध्ये आणि जर्मनीतल्या बेअर यांनी १८५२ मध्ये त्यात भर घातली. आज कॉलेजातली मुलं तो बेअर-लँबर्टचा नियम म्हणून शिकतात.

निम्मा, पाव, आठवा भाग असा हिशेब करायला अवघड जातो. म्हणून यंत्र आरपार गेलेल्या उजेडाचं रूपांतर दुसऱ्या आकड्यात करतं. त्याला शोषण म्हणतात, म्हणजे नमुन्यानं उजेड किती गिळला त्याचं माप. गणितातला लॉग वापरून ते काढतात. निम्मा उजेड गेला तर शोषण ०.३, पाव गेला तर ०.६, आठवा भाग गेला तर ०.९. बघा, एक ग्लास, दोन ग्लास, तीन ग्लास आणि ०.३, ०.६, ०.९. रंग दुप्पट तर शोषण दुप्पट, रंग तिप्पट तर शोषण तिप्पट. आता हिशेब शाळकरी पोरालाही जमेल.

रक्ताला हिरवा उजेड का लागतो?

रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे. हिमोग्लोबिन लाल उजेड फारसा गिळत नाही, तो आपल्या डोळ्यांपर्यंत येऊ देतं. हिरवा उजेड मात्र ते चांगलाच गिळतं. म्हणून लॅबमध्ये रक्त मोजताना हिरवा उजेड वापरतात. ज्या रंगाचा उजेड नमुना गिळतो, त्याच रंगानं मोजलं तर फरक नीट कळतो.

लॅबमधली जुनी आणि भरवशाची पद्धत अशी. २० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे एका थेंबाच्या निम्म्याहूनही कमी, ५ मिलिलिटर ड्रॅबकिनच्या द्रावणात मिसळतात. रक्त अडीचशे पट पातळ होतं. काही मिनिटांत लाल पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिनचं एका स्थिर रंगाच्या पदार्थात रूपांतर होतं. मग त्यातून ५४० नॅनोमीटरचा हिरवा उजेड सोडतात. या द्रावणात सायनाइड असतं, त्यामुळे लॅबवाल्यांनाही जपून काम करावं लागतं. मोठ्या लॅबमधल्या अनेक स्वयंचलित यंत्रांत आता सायनाइड नसलेलं रसायन वापरतात, पण मोजतात उजेडच.

रक्ताची नळी लावण्याआधी दोन कामं करावी लागतात. पहिलं, रक्त न घातलेलं नुसतं द्रावण यंत्रात ठेवून काटा शून्यावर आणायचा. बाजारात भांड्याचं वजन आधी वजा करून घेतो, तसंच हे. दुसरं, ज्यातलं हिमोग्लोबिन आधीच ठाऊक आहे अशा प्रमाणित द्रावणानं यंत्र पडताळायचं.

आता त्या मुलीचं 'नऊ' काढू. समजा, १५ ग्रॅमच्या प्रमाणित द्रावणाचं शोषण ०.४० आलं, म्हणजे शंभरातला साधारण ४० भाग उजेड आरपार गेला. मुलीच्या रक्ताचं शोषण ०.२४ आलं, म्हणजे शंभरातला साधारण ५८ भाग गेला. ०.२४ भागिले ०.४०, गुणिले १५, बरोबर ९. दर १०० मिलिलिटर रक्तात ९ ग्रॅम हिमोग्लोबिन. तिच्या रक्तातून उजेड जास्त गेला, कारण त्याला अडवणारं हिमोग्लोबिनच कमी होतं.

गावोगावच्या शिबिरात आशाताई किंवा एएनएम सिस्टर हातातलं डिजिटल यंत्र आणतात, त्यातही हेच होतं. काही यंत्रांत पातळ प्लास्टिकची कुपी असते, ती रक्ताचा थेंब स्वतःच ओढून घेते आणि उजेड तिच्यातून आरपार जातो. काही यंत्रांत कागदी पट्टी असते. तिथे पट्टीवरून परत आलेला उजेड मोजतात.

डोळ्यांनी लिहिलेलं 'दहा'

आता एक गोष्ट कबूल करते. ती लपवून हा लेख लिहिणं मला बरं वाटत नाही.

मी नर्सिंगचा डिप्लोमा करून नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे साहलीची पेटी होती. नळीत सौम्य आम्ल घ्यायचं, त्यात २० मायक्रोलिटर रक्त सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं. रक्त तपकिरी होतं. मग थेंब थेंब पाणी घालत त्याचा रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळवायचा. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. यात उजेड मोजणारं यंत्र म्हणजे आपलाच डोळा. खिडकीतलं ऊन बदललं, ढग आले, डोळे थकले की आकडा बदलतो. दोन सिस्टरांनी एकच नळी पाहिली तरी दोन आकडे येऊ शकतात.

गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी दारात लांब रांग असे. दहा मिनिटं थांबणं दोनवर यायचं. गर्दी वाढली की पेटी बाजूला राहायची. खालची पापणी ओढून बघायची, तळहात बघायचा आणि रजिस्टरमध्ये 'दहा' लिहायचं. रजिस्टरच्या पानावर वरून खालपर्यंत दहा, दहा, साडेनऊ, दहा. त्यातले किती तरी दहा माझ्या हातानं लिहिलेले आहेत.

अशीच एक बाई होती, आपल्याच वस्तीतली. सावळी, हसरी, धुण्याभांड्याच्या चार घरांची कामं करून तपासणीला यायची. तिच्यापुढे दर वेळी दहा लिहिलं गेलं. बाळंतपणाला मोठ्या दवाखान्यात नेली तेव्हा यंत्रावर सहा निघालं. तिचा नवरा रात्रभर रक्तासाठी धावत होता. बाई वाचली, बाळही वाचलं. पण त्या 'दहा'मुळे तिचे सहा महिने फुकट गेले. त्या काळात गोळ्या, इंजेक्शन, खाणंपिणं सगळं करता आलं असतं. त्यानंतर मी न मोजता आकडा लिहिलेला नाही. पुढे नोकरी सोडून वस्तीत काम करायला लागले, त्यामागं हेही एक कारण आहे.

डोळ्यांनी बघून फार गंभीर रक्तक्षय कधी कधी कळतो. मधल्या पायरीवरचा मात्र हमखास निसटतो. त्यात आपल्या बाया सावळ्या. चेहरा पांढरा पडलेला दिसत नाही, म्हणून 'तब्येत बरी आहे' असा शेरा मिळतो. म्हणून म्हणते, पापणी बघणं ही सुरुवात आहे, मोजमाप नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. म्हणजे दोन बायांतल्या एकीला आणि तीन लेकरांतल्या दोघांना रक्त कमी. सर्वसाधारणपणे गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या वर, गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या वर आणि पुरुषाचं १३ च्या वर हवं. गरोदरपणात ७ च्या खाली गेलं तर तो धोका आहे, घरी बसायचं नाही.

आकडा कुठे चुकतो?

यंत्र आलं म्हणून चूक संपत नाही. उजेड खरा सांगतो, पण त्याच्या वाटेत आपण काय ठेवलं यावर सगळं अवलंबून असतं.

बोट जोरात दाबून, पिळून रक्त काढलं तर त्यात अंगातलं पाणी मिसळतं. रक्त पातळ होतं, उजेड जास्त जातो आणि आकडा खोटा कमी येतो. पहिला थेंब कोरड्या कापसानं पुसून पुढचा घ्यायचा असतो, तो यासाठीच. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तरी हाच घोटाळा होतो.

२० मायक्रोलिटरऐवजी १६ च रक्त ओढलं गेलं तर ९ चे ७.२ होतात. एवढ्याशा चुकीनं एवढा फरक पडतो.

उलटी चूक जास्त घातक. काचेच्या नळीवर बोटांचे ठसे असतील, नळी मळकी असेल, तर उजेड तिथेच अडतो. यंत्राला वाटतं हिमोग्लोबिननं अडवला, आणि आकडा खोटा जास्त येतो. रक्तात चरबी फार असेल किंवा पांढऱ्या पेशी खूप वाढल्या असतील तर द्रावण गढूळ होतं, तेव्हाही आकडा फुगतो. कुपीत हवेचा बुडबुडा राहिला तरी वाचन चुकतं.

म्हणून माणसाची अवस्था एक आणि कागद दुसरंच सांगत असेल, तर कागदाला शरण जाऊ नका. बाईला चार पायऱ्या चढताना दम लागतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि रिपोर्ट म्हणतो १३, तर "पुन्हा एकदा तपासा" असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. शक्यतो त्या वेळी दंडातल्या शिरेतून रक्त द्या.

दुसरा प्रयोग: दूधपाण्यामागचं वर्तमानपत्र

आता एक ग्लास साधं पाणी घ्या आणि त्यामागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता येतात. त्या पाण्यात थेंब थेंब दूध घालत ढवळा. थोड्याच वेळात अक्षरं दिसेनाशी होतील. कोऱ्या चहात उजेड गिळला जात होता. दूधपाण्यात बारीक कण उजेडाला इकडेतिकडे फेकतात, त्यामुळे तो सरळ आपल्यापर्यंत येत नाही.

सिकलसेलची पहिली तपासणी याच तत्त्वावर चालते. तिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. नळीतल्या रसायनात रक्ताचा थोडा अंश टाकतात. त्यानं पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन निघून जातो. साधं हिमोग्लोबिन विरघळलेलंच राहतं. सिकलसेलचं, म्हणजे 'एस' हिमोग्लोबिन, त्या द्रावणात विरघळत नाही आणि नळी गढूळ होते. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह.

हा विषय आपल्या घरातला आहे. विदर्भात आदिवासी समाजाबरोबरच पूर्वाश्रमीच्या महार, आजच्या बौद्ध समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारनं राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू केलं. त्याचा मुख्य भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो असायलाच हवा. पण शहरातल्या बौद्ध वस्तीत शिबिर आपोआप येईल असं धरून बसू नका. आपल्याला मागणी करावी लागेल.

आणि कोणी म्हणालं की हे मागच्या जन्मीचं पाप आहे, तर त्याला सांगा की हा जनुकातला बदल आहे. जिथे मलेरिया फार होता तिथे एकच सिकल जनुक असलेली माणसं मलेरियातून जास्त वाचली, म्हणून तो तिथे पसरला. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठी, सगळीकडे तो आहे. तो कोणाच्या जातीवरचा डाग नाही.

गढूळ नळी काय सांगते आणि काय सांगत नाही

इथे आपल्या वस्तीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून नीट वाचा.

पॉझिटिव्ह म्हणजे रक्तात एस हिमोग्लोबिन आहे, एवढंच. तो माणूस वाहक आहे की रुग्ण, ते ही नळी सांगू शकत नाही. वाहकाला, म्हणजे एएसला, आईकडून किंवा वडिलांकडून एकच सिकल जनुक मिळालेला असतो. तो सहसा ठणठणीत असतो. रुग्णाला, म्हणजे एसएसला, दोघांकडून मिळालेला असतो. त्याला सांधे-हाडांच्या असह्य वेदना होतात, कावीळ, रक्तक्षय, वारंवार जंतुसंसर्ग होतात. दोघांचीही नळी गढूळच दिसते. नुसत्या 'पॉझिटिव्ह' शब्दावर एखाद्या धडधाकट पोरीला आयुष्यभर आजारी ठरवलेलं मी पाहिलं आहे. आणि खऱ्या रुग्णाला 'वाहकच आहे, काही होत नाही' म्हणून घरी पाठवलेलंही पाहिलं आहे.

निगेटिव्हही नेहमी खरं नसतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात एस हिमोग्लोबिन अजून थोडंच असतं, नळी स्वच्छ राहू शकते. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर दुसऱ्याचं रक्त निकाल बदलतं. आणि ज्याचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली आहे, त्याच्या थेंबात एकूण हिमोग्लोबिनच इतकं कमी असतं की रेघा झाकण्याएवढा गढूळपणा येत नाही. म्हणून सिकलसेलचा रिपोर्ट वाचताना शेजारी हिमोग्लोबिनचा आकडाही बघायचा. दोन्ही ग्लास एकमेकांना जोडलेले आहेत.

खरं उत्तर पुढच्या तपासणीत मिळतं. एक इलेक्ट्रोफोरेसिस, त्यात विजेच्या प्रवाहात वेगवेगळी हिमोग्लोबिनं वेगवेगळ्या अंतरावर जातात. दुसरी एचपीएलसी. त्यात ती बारीक नळीतून एकामागून एक बाहेर पडतात आणि प्रत्येकाला उजेडापुढून जावं लागतं. हा उजेड ४१५ नॅनोमीटरचा, जांभळट, हिमोग्लोबिन सर्वांत जास्त गिळतं तो. ज्यानं जितका उजेड अडवला तितका उंच डोंगर कागदावर उमटतो. वाहकाच्या कागदावर 'ए'चा डोंगर मोठा, 'एस'चा त्याहून लहान. रुग्णाच्या कागदावर, रक्त चढवलेलं नसेल तर, 'ए' नसतोच. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली की ही दुसरी तपासणी मागून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

लग्न ठरवताना दोघांचीही तपासणी करा, एकट्या मुलीची नको. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. लग्न झालेलं असेल तर सुनेला बोल लावू नका. जनुक दोघांकडून येतो. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा, गर्भाची तपासणी मोठ्या केंद्रांत होऊ शकते. रुग्णासाठी हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध आहे, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतात. त्यानं वेदनेचे झटके कमी होतात. रुग्णाला रक्त कमी आहे म्हणून मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. त्याचं रक्त कमी असण्याचं कारण लोहाची कमतरता असेलच असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे, त्याचे लाभ मागा.

बोटाचा चिमटा आणि सावळी कातडी

कोरोनात घरोघरी पोचलेला ऑक्सिजनचा चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, हेही उजेडाचंच यंत्र. इथे नळी नाही, तुमचं बोटच नळी. एका बाजूनं लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे दोन उजेड सोडतात आणि पलीकडे किती आला ते मोजतात. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त हे दोन उजेड वेगवेगळ्या प्रमाणात गिळतात. जपानमधल्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये ही कल्पना पुढे आणली.

पण कातडीतला काळा रंगही उजेड गिळतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना काळ्या रुग्णांच्या ११.७ टक्के मोजमापांत धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्ष ८८ च्याही खाली होता. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्के होतं. म्हणजे माणूस गुदमरतोय आणि यंत्र म्हणतंय ठीक आहे. यंत्र कोणाच्या बोटावर पारखून बनवलं, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. मोजमापातही कोणाला धरलं आणि कोणाला वगळलं, ते आपल्यासारख्या समाजाला वेगळं सांगायला नको.

म्हणून चिमटा लावताना नेलपॉलिश पुसा, बोट गार असेल तर चोळून गरम करा, अर्धा मिनिट हलू नका. आकडा बरा असला तरी माणूस धापा टाकत असेल, ओठ काळेनिळे पडत असतील, बोलताना वाक्य तुटत असेल, तर आकडा सोडा आणि दवाखाना गाठा. सिकलसेलच्या रुग्णात तर नुसत्या चिमट्यावर कधीच विसंबू नका.

कागद हातात आला की

एक, आकडा मागा. 'रक्त थोडं कमी आहे' हे उत्तर पुरेसं नाही. किती, कोणत्या तारखेला, ते वहीत लिहा.

दोन, "यंत्रावर मोजलं की डोळ्यांनी पाहिलं?" असं नम्रपणे विचारा. चांगली सिस्टर रागावणार नाही.

तीन, उपचार सुरू झाल्यावर शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीनं पुन्हा मोजा. एकदा बोटातून आणि एकदा शिरेतून घेतलेल्या रक्ताची तुलना फसवू शकते.

चार, सिकलसेलच्या कागदावर नुसतं 'पॉझिटिव्ह' असेल तर काम अर्धंच झालं. एए, एएस की एसएस, ते लिहून घ्या.

पाच, प्रत्येक विहार समितीनं वर्षातून एकदा तरी आरोग्य केंद्राला लेखी अर्ज द्यावा, वस्तीत हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी मागावी. अर्जाची पोच घ्यावी.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितलं होतं, परंपरेनं चालत आलं म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखा. रोजच्या वंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे या आणि पाहा. दवाखान्यातला कागदही त्याला अपवाद नाही.

त्या दहावीतल्या पोरीला मी चहाचे ग्लास आणि टॉर्च देऊन हे सगळं करून दाखवलं. तिनं दुसऱ्या दिवशी घरी आजीला दाखवलं. आजी म्हणाली, "मग माह्यंही मोजा एकदा, मला कोणी कधी मोजलंच नाही." आजी साठीच्या पुढची आहे. आपल्या प्रत्येक घरात अशी एक आजी असेल. पुढच्या शिबिरात तिला सोबत आणा.

नमो बुद्धाय! जयभीम!